सर्वात लहान दिवस होऊन गेला, तरी सूर्य उशिराच का उगवतोय?

अंगणवेल:
नाताळ तोंडावर आलाय, त्या निमित्ताने थंडीतल्या काही किरकोळ शंका एकाच धाग्यात विचारून घेते.

२१-२२ डिसेंबरचा दिवस वर्षातला सर्वात लहान, हे शाळेपासून पाठ आहे. मग त्यानंतर सूर्य रोज थोडा लवकर उगवायला हवा ना? दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्योदय २१ डिसेंबरला ७:०७ दिलाय आणि १५ जानेवारीला ७:१५! म्हणजे उलटा उशीरच. छपाईची चूक म्हणावी तर दरवर्षी तेच.

दुसरं, पहाटेपेक्षा सूर्य उगवल्यावर जास्त गारठा वाटतो. भास की खरंच? आणि महाबळेश्वर एवढ्या उंचावर असून बातम्यांत पुणं आणि निफाड त्याच्यापेक्षा थंड कसे?

तिसरी शंका बाल्कनीतली. पॉइनसेटियाची कुंडी दोन वर्षांची आहे, पानं हिरवीगार, पण नाताळ आला तरी लाल व्हायचं नाव नाही. खत कमी पडतंय का?

ध्रुवमत्स्य:
दिनदर्शिका बरोबर आहे. गोंधळ होतो तो दिवसाची लांबी आणि दिवसाचा मध्य या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे.

लांबी २१-२२ डिसेंबरनंतर वाढतेच. मुंबईत त्या दिवशी ती साधारण १० तास ५९ मिनिटं असते आणि १५ जानेवारीपर्यंत सात-आठ मिनिटांनी वाढते. पण त्याच काळात दिवसाचा मध्य, म्हणजे सूर्य डोक्यावरून दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो तो क्षण, १२:३७ वरून १२:४८ वर सरकतो. अख्खा दिवसच घड्याळावर ११ मिनिटं पुढे ढकलला जातो. आता हिशेब करा. लांबी वाढल्यामुळे सूर्योदय पावणेचार मिनिटं अलीकडे यायला हवा आणि मध्य सरकल्यामुळे ११ मिनिटं पलीकडे जायला हवा. वजाबाकी केली की सात-साडेसात मिनिटांचा उशीर उरतो. तुमच्या दिनदर्शिकेतला फरक तोच. संध्याकाळी मात्र दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात, म्हणून सूर्यास्त ६:०६ वरून ६:२१ वर जातो.

मध्य का सरकतो? पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची. तेवढ्यात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला आणखी सरासरी चार मिनिटं लागतात. डिसेंबरअखेरीस ही चारची जवळपास साडेचार मिनिटं होतात. मोठा वाटा अक्षाच्या कलण्याचा, आणि लहान वाटा जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ, म्हणजे १४.७ कोटी किमीवर असते आणि वेगाने पळते, त्याचा. रोजचे हे अर्धं मिनिट साठत जातं.

म्हणून मुंबईत सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात (५:५९), सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. विषुववृत्तापासून दूर गेलं की या तारखा जवळजवळ येतात. लंडनवाल्या नातेवाइकांना विचारून पाहा, त्यांच्याकडे लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास आणि उशिराचा सूर्योदय वर्ष संपता संपता.

खडूफळा:
वरचं सगळं गच्चीवर काठी रोवून पाहता येतं. फक्त लोक एक चूक हमखास करतात, बारा वाजता सावली मोजतात. घड्याळातले बारा आपल्या कामाचे नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मुंबई तिच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांच्या आसपास, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणून २१ डिसेंबरला मुंबईचा खरा मध्यान्ह १२:३७ ला, तर नागपूरचा १२:१२ ला.

तरीही घड्याळावर विसंबू नका. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की सर्वात आखूड सावली नेमकी कधी पडली ते डोळ्याला कळतच नाही. त्यापेक्षा साडेअकराला सावलीच्या टोकावर खूण करा. काठीचं बूड केंद्र धरून सुतळीने त्या खुणेतून वर्तुळ काढा. सावली आधी आत शिरते आणि मग लांबत लांबत पुन्हा वर्तुळाला टेकते, ती वेळ टिपा. दोन वेळांचा मध्य हाच तुमचा मध्यान्ह, आणि दोन खुणा जोडणारी रेषा ही पूर्व-पश्चिम. वेदी आखण्यासाठी दिशा काढायची हीच रीत कात्यायन शुल्बसूत्रात आहे.

काठी एक मीटरची घ्या, ओळंबा लावून सरळ उभी करा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून खाली पाट किंवा प्लाय ठेवून लेव्हल बाटलीने सपाट करा, नाहीतर दोन-तीन सेंटिमीटर सहज चुकतात. सावलीचं टोक पुसट दिसतं कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. काठीच्या टोकावर छोटं भोक पाडलेला पुठ्ठा बसवला की सावलीत गोल कवडसा पडतो. त्याचा मध्य धरा, आणि उंची मोजताना जमिनीपासून भोकापर्यंत मोजा. या दिवसांत मध्यान्हाची सावली मुंबईत ९२ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, कोल्हापुरात ८४, नागपुरात ९९. नागपूरकरांची काठी आणि सावली जवळजवळ सारखीच!

अंगणवेल:
भारीच. रविवारी काठी रोवतेच. पण मग उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं तर संक्रांत १४ जानेवारीला का?

ध्रुवमत्स्य:
कारण संक्रांत ऋतूंवरून नाही, ताऱ्यांवरून मोजतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत अयनबिंदू (उत्तरायण सुरू होताना सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा) सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. आता फरक २४ अंशांचा झालाय, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. नाताळाचंही असंच त्रांगडं आहे. रशियातलं चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतं, म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला उजाडतो. (‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, इंग्रजांकडून नाही.)

निफाडची वाट:
गारठ्याबद्दल लिहितो. भास नाही. जमीन रात्रभर उष्णता वर टाकत राहते. सूर्य उगवला तरी तिरपे किरण सुरुवातीला इतके दुबळे असतात की आवक जावकीपेक्षा कमीच पडते. दोन्हींची बरोबरी होईपर्यंत पारा उतरतो, म्हणून नीचांक सूर्योदयाच्या वेळी किंवा त्यानंतर अर्ध्या तासात लागतो.

महाबळेश्वराचं कोडं उताराचं आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहून खोलगट जागी साचते. गाव डोंगरमाथ्यावर, त्याच्याजवळची हवा निसटून जाते. पुण्याचं पाषाण किंवा गोदावरीच्या खोऱ्यातलं निफाड म्हणजे त्या हवेचा डबा. खुद्द महाबळेश्वरातच बघा, गावात पारा दहाच्या वर असताना वेण्णा लेकच्या सखल भागात गवतावर, गाड्यांच्या टपांवर दवाचं हिम होतं. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर जाळीच्या पेटीत असतो, गवताच्या पात्याजवळ त्याहून चार-पाच अंश कमी असणं नेहमीचं. त्यामुळे ‘पारा शून्याखाली’ अशी बातमी वाचली की आधी पारा कुठे ठेवला होता ते विचारावं.

द्राक्षवाल्यांसाठी यात कामाची गोष्ट आहे. बागेत शेकोट्या करताना एक मोठी आग लावू नका. तिची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि आजूबाजूची थंड हवा आत ओढली जाते. ओळींमध्ये लहान लहान, पुष्कळ शेकोट्या हव्यात. नुसता धूर केल्याने फार काही होत नाही, काम ऊब करते. ठिबकने विहिरीचं पाणी पहाटे तीन-चारपासून सोडा, ते हवेपेक्षा बरंच उबदार असतं आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. आणि उजाडलं म्हणून लगेच आवरतं घेऊ नका. नीचांक तेव्हाच लागायचा असतो.

कुंडीतली माती:
पॉइनसेटियाला खत नको, अंधार हवा. बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का? बहुतेक तेच कारण.

लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत, फुलाखालची पानं आहेत. खरी फुलं म्हणजे मधले पिवळे बारीक मणी. हे झाड रात्रीची लांबी मोजतं. सलग १३-१४ तास काळोख आठ ते दहा आठवडे मिळाला तर रंग भरतो. मध्येच पाच-दहा मिनिटं दिवा लागला तरी झाडाच्या लेखी रात्र मोडली. शेवंतीचंही तेच, हरितगृहात फुलं लांबवायची असली की रात्री बल्ब लावतात ते याचसाठी.

पुढच्या वर्षी असं करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्या वीतभर ठेवून छाटा. चीक पांढरा, चिकट आणि त्वचेला खाजरा असतो, तेव्हा हातमोजे घाला. शेंडे खुडायचे ते ऑगस्टअखेरपर्यंतच, नंतर खुडलेल्या फांद्यांना रंग धरायला वेळ पुरत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचा खोका उपडा घाला आणि सकाळी आठला काढा. खोक्याच्या फटींना चिकटपट्टी लावा. काळं प्लास्टिक नको, आत कोंडून ऊब वाढते आणि गरम रात्रींमुळे रंग लांबतो. दिवसा मात्र भरपूर ऊन हवं आणि कुंडीत पाणी साचायला नको. एखाद्-दुसरी रात्र चुकली तर आकाश कोसळत नाही, पण आठवड्यात तीनदा चुकली तर सगळी मेहनत वाया.

आत्ता खोका घालायला लागलात तर रंग फेब्रुवारीच्या शेवटाला दिसेल.

अंगणवेल:
दिवा आहे, अगदी समोर. शिवाय कुंडीच्या बरोबर वर परवाच नाताळचा तारा टांगलाय. तो काढू का?

कुंडीतली माती:
राहू द्या. तुमचं झाड यंदा हिरवंच राहणार. आणि नर्सरीतून लाल झालेलं आणलंत तर तेही ताऱ्याखाली खुशाल ठेवा. एकदा पानं रंगली की दिव्याने उतरत नाहीत, उतरतात ती कुंडी वाऱ्याच्या झोतात ठेवल्याने आणि बशीत पाणी साचल्याने.