मदत हवी आहे: गरम हवा वर जाते, मग वर थंडी का?

नमस्कार मंडळी,

भाची सातवीत आहे. उष्णतेचा धडा चालू आहे म्हणून परवा मोठ्या हौसेनं तिला शिकवायला बसलो. वहन, अभिसरण, प्रारण वगैरे छान पार पडलं. "गरम हवा हलकी होते आणि वर जाते" इथपर्यंत आलो आणि तिने विचारलं, "मामा, मग डोंगरावर थंडी का? सगळी गरम हवा तर तिकडेच गेली ना? शिवाय सूर्यही तिथून जवळ."

मी म्हटलं, तिथे वारा असतो. तिने ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर हे लिहायला घेतलंय.

सूर्याचं एक मी निस्तरलं. सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर, त्यात डोंगराच्या तीन-चार किलोमीटरला कोण विचारतो! उलट पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असतो तेव्हा.

दुसरं असं वाचलं की हवा वरून नाही, खालून तापते. उन्हाचा बराचसा भाग हवेतून आरपार येतो, जमीन आणि समुद्र तापवतो आणि मग त्यांच्यामुळे हवा तापते. पटलं. पण मग पातेल्यातलं पाणीही खालूनच तापतं की! ते काही वर गार राहत नाही. हवेनंच काय घोडं मारलंय?

म्हणून प्रश्न: वर जाणारी हवा गार होते म्हणजे तिची उष्णता नेमकी कुणाला मिळते? एके ठिकाणी दर किलोमीटरला ६.५ अंश घट दिलीय, दुसरीकडे ९.८. खरं कुठलं? आणि ढग तयार होताना म्हणे उष्णता बाहेर पडते. बर्फ करायला तर गारवा लागतो, मग पाणी 'घट्ट' होताना उष्णता बाहेर कशी पडेल?

सूत्रं चालतील, पण सातवीच्या मुलीला सांगता येईल असं हवंय.

प्रतिसाद
सोपं आहे. वर हवा विरळ असते, त्यामुळे उष्णता धरून ठेवत नाही.

प्रतिसाद
वरच्या उत्तराशी असहमत. नुसतं विरळ असणं पुरत नाही. स्थितांबरातली (म्हणजे ढगांच्या थराच्याही वरच्या थरातली) हवा तर आणखी विरळ, तरी तिथे जसजसं वर जावं तसतसं तापमान वाढतं, कारण तिथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून तिथल्या तिथे तापतो. ५० किलोमीटरच्या आसपास पारा पुन्हा शून्य अंशाजवळ येतो.

आता मूळ प्रश्न. उष्णता कुणाला 'मिळत' नाही, ती खर्च होते. वर जाल तसा दाब कमी होतो. साडेपाच किलोमीटरवर समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. वर निघालेला हवेचा गोळा त्यामुळे फुगतो. फुगायचं तर आजूबाजूच्या हवेला ढकलावं लागतं, आणि त्या ढकलण्याची ऊर्जा बाहेरून येत नाही, गोळ्याच्या आतूनच जाते. रेणूंचा वेग मंदावतो, तापमान उतरतं. तुमच्या पातेल्यातलं पाणी वर येताना असं फुगत नाही, सगळा फरक तिथे आहे.

सायकलचा पंप घ्या, तोंड बोटानं दाबा आणि दांडा जोरात चार-पाच वेळा खाली-वर करा. नळीच्या टोकाशी हात लावा, गरम लागेल. थोडा वाटा घर्षणाचा, पण मुख्य काम दाबलेल्या हवेचं. वर जाणाऱ्या हवेचं याच्या बरोबर उलटं होतं.

आणि भाचीला हे जरूर सांगा की तिचा तर्क चुकलेला नाही. समजा खाली २० अंश आहे आणि ३ किलोमीटरवर शून्याच्या आसपास. ती वरची हवा पिशवीत भरून, तिला कसलीही उष्णता न देता झपकन खाली आणली, तर दाबली जाऊन ती जवळपास ३० अंशांची होईल. आपल्याहून गरम! गरम हवा वर गेलेलीच आहे. फक्त पसरल्यामुळे थर्मामीटरला तसं दिसत नाही.

धागाकर्ता
अरे वा! शेवटचा परिच्छेद तिला दोनदा वाचून दाखवला. स्वारी खूश आहे.

मला आणखी एक उदाहरण सुचलं. तोंड उघडून हातावर 'हाऽऽ' केलं तर उबदार, ओठ आवळून फुंकर मारली तर गार. हीच ती फुगणारी हवा ना?

प्रतिसाद
नाही हो. हे उदाहरण फार ठिकाणी दिसतं पण ते या कारणाचं नव्हे. तोंडातल्या आणि बाहेरच्या दाबात फरक अगदी नगण्य असतो. बारीक वेगवान झोत वाटेतली खोलीतली हवा स्वतःबरोबर ओढून नेतो, म्हणून गार लागतो. शिवाय त्वचेवरचा ओलावा उडतो. ओठ हाताला टेकवून फुंका, गारवा गायब.

प्रतिसाद
६.५ आणि ९.८ दोन्ही बरोबर. ९.८ हा कोरड्या, वर चढणाऱ्या हवेचा हिशोब. ६.५ ही तपांबरात, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या थरात, प्रत्यक्ष आढळणारी सरासरी. मधला फरक मुख्यतः बाष्पामुळे, म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नामुळे.

पाण्याची वाफ व्हायला रेणूंना एकमेकांची पकड सोडवावी लागते. त्याला किलोमागे साधारण २५ लाख ज्यूल लागतात. घाम वाळताना गार वाटतं ते यामुळेच. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी ऊर्जा परत मिळते. शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणतात, जुन्या पुस्तकांत सुप्त उष्णता. (मला जुनं नाव जास्त आवडतं. झोपलेली असते, जागी होते.)

एक किलो हवा १ अंशानं तापवायला फक्त हजारेक ज्यूल पुरतात. म्हणजे १ किलो वाफेचं पाणी झालं की २५० किलो हवा १० अंशांनी तापेल. २५० किलो हवा म्हणजे दोनशेहून जास्त घनमीटर, चांगली मोठी खोली. आता पावसाळी ढगात किती टन पाणी असतं त्याचा विचार करा. ढगातून चढणारी हवा म्हणूनच हळू थंडावते, दमट उबदार हवेत किलोमीटरला ५ अंश वगैरे, आणि भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहून आणखी वर धावते. वादळी ढगाचं इंजिन हेच.

बर्फाचंही तसंच. गोठताना पाणी उष्णता सोडतं. फ्रिज ती ओढून घेऊन बाहेर टाकतो, म्हणून तर त्याची मागची बाजू गरम असते.

भाचीला ढग करून दाखवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी, विझलेल्या काडीचा जरासा धूर, झाकण घट्ट. दाबा आणि सोडा.

धागाकर्ता
केलं! पहिल्यांदा आगाऊपणा करून धुराशिवाय केलं, अर्धा तास बाटली पिळत बसलो, काही दिसलं नाही. भाची म्हणाली, "त्यांनी धूर सांगितलाय ना?" मग काडी विझवून धूर आत घेतला. बाटली दाबली, काही नाही. सोडली, आणि आत एकदम दुधी धुकं. पुन्हा दाबली की गायब, सोडली की हजर. मागे काळा कागद धरला तर आणखी स्पष्ट दिसतं. थेंब जमायला धुराचे कण लागतात, हे तिनेच पुस्तकात शोधून मला सांगितलं.

आता रात्री ढग असले की गारठा कमी का, यावर गाडी आलीय. इथेच विचारू की नवा धागा काढू?