डिशवॉशर लावला की पंधरा-वीस मिनिटांनी ईएलसीबी पडतो, काय करू?

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार, जरा घाईतच लिहितेय. आमचा डिशवॉशर सहा वर्षांचा आहे, आत्तापर्यंत कधी कुरकुर नव्हती. मे महिन्यात गावी गेलो होतो म्हणून महिनाभर बंद होता, परत आल्यापासून रोज एकच प्रकार, भांडी लावायची, बटण दाबायचं, पाणी भरतं, फवारे फिरल्याचा आवाज येतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाट्कन ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडून अख्ख्या घरातली लाईट जाते. ईएलसीबी वर केला की मशीन जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं आणि दोन मिनिटांत परत पडतं. काल रात्री साडेअकराला कुकर, कढया, सगळं साबणासकट बाहेर काढून हाताने विसळलं. सोसायटीत येणारा इलेक्ट्रिशियन म्हणाला की ताई ईएलसीबी फार नाजूक असतो, मी डिशवॉशरची लाईन त्याच्यातून बाहेर काढून डायरेक्ट देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. सासरे घरी असतात, नेब्युलायझर लावतात, सारखी लाईट जाऊन चालत नाही. करून घेऊ का?

जुना_वायरमन
ताई, अजिबात नको. त्याला नाही म्हणून सांगा. ईएलसीबी नाजूक नाहीये, त्याचं कामच ते आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, मधे कुठे अर्थला किंवा माणसाच्या अंगातून गळाला की तो पडतो. घरगुती ३० मिलिअँपचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसात हजार ओहमची वाट मिळाली तरी बास. लाईन बाहेर काढली तर गळती बंद होत नाही, फक्त सांगणारा जातो. आणि मशीनची बॉडी पत्र्याची, खाली ओली फरशी, आपण अनवाणी. त्यात बिल्डिंगचं अर्थिंग कधी सुटलं असेल तर पत्र्यालाच करंट येणार. असेच कोणी प्लगची तिसरी पिन काढून देतात, तेही करू देऊ नका.

आता हे सांगा, नक्की ईएलसीबीच पडतो ना? शेजारचा एमसीबी पडत असेल तर गोष्ट वेगळी, मग ओव्हरलोड नाहीतर शॉर्ट. डिशवॉशर दोन हजार वॉटच्या आसपास म्हणजे नऊ अँपच्या आत घेतो, १६ अँपवर एकटा असेल तर पडायचं कारण नाही, त्याच लाईनवर गीझर किंवा इंडक्शन असेल तर पडणारच. आणि एक करून बघा, मशीनमधे थंड पाण्याचा नुसता प्री-रिन्स प्रोग्रॅम असतो, तो रिकाम्या मशीनला लावा.

मृण्मयी_कोथरूड
काका, ईएलसीबीच पडतो, त्यावर टेस्टचं बटण आहे तोच. प्री-रिन्स आत्ता लावला, पूर्ण झाला, काही झालं नाही! मग लगेच ७० डिग्रीचा लावला तर सतराव्या मिनिटाला पडला.

भांडीवाला_टेक्निशियन
मग ९० टक्के हीटर. कधी पडतं त्यावरच अर्धं निदान होतं. प्लग लावल्या लावल्या पडलं तर आतला मेन्स फिल्टर नाहीतर कापलेली वायर, पाणी बाहेर टाकताना पडलं तर ड्रेन पंप, आणि पाणी तापायला लागलं की पडलं तर हीटर. हीटरच्या नळीत तार असते आणि भोवती पांढरी पावडर ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड. नळीला बारीक चीर किंवा टोकाचं सील गेलं की ती पावडर ओल धरते आणि करंट पत्र्याकडे गळतो. महिनाभर बंद राहिलं की हे जास्त दिसतं.

मल्टिमीटरवर फसू नका, तो हीटरच्या तारेचे २६-३० ओहम नीट दाखवतो आणि अर्थकडे मोजलं तरी कधीकधी ठीकच दाखवतो, कारण त्याचे व्होल्ट कमी. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन गळती तपासणारं मीटर) लावणारा माणूस बोलवा. आणि प्लग काढून, नळ बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून टोकं टेप केली आणि मशीन चालवलं तर पडायला नको, पाणी तापलं नाही म्हणून एरर येईल तेवढीच. पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला कोणी लगेच सांगितलं तर आधी मेगरचं रीडिंग मागा. बऱ्याच मॉडेलमधे हीटर पंपाबरोबर एकत्रच येतो, त्यामुळे महाग वाटेल, पण तो बदलायचाच.

रत्नागिरीची_सुनिता
आमच्याकडे वेगळंच निघालं होतं म्हणून लिहिते. आमचा नुसता प्लग लावला, बोर्डाचं बटण बंद, तरी ईएलसीबी पडायचा, कोणाला पटेना. शेवटी मशीन ओट्याखालून बाहेर ओढलं तर मागे उंदराने न्यूट्रलची वायर कुरतडलेली, तांबं पत्र्याला टेकलेलं. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो ना. तुमच्या केसमधे नसेल, पण मशीन बाहेर काढाल तेव्हा मागून खालून टॉर्च मारून बघाच, आमच्याकडे खालच्या ट्रेमधे पाणीपण साचलं होतं.

जुना_वायरमन
बरोबर बोललात सुनिताताई, न्यूट्रल अर्थला टेकला की घरातला दुसरा लोड चालू असताना तो असाच पडतो. बरेच इलेक्ट्रिशियन फक्त फेज तपासून मोकळे होतात. मेगर दोन्हीकडून लावायला सांगा.

मृण्मयी_कोथरूड
अपडेट. मेगरवाले एक काका मिळाले, शनिवारी आले. हीटर सोडून बाकी सगळं वीस मेगाओहमच्या वर आणि हीटर ते अर्थ ०.०६, मी स्वतः काट्याकडे बघत होते. वायरी सोडून मशीन चालवलं, चाळीस मिनिटं काही पडलं नाही. हीटर बाहेर काढला तर त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग, तिथूनच गळत होतं. नवीन पार्ट बुधवारी बसला, कालपासून तीन वेळा ७० डिग्रीचा प्रोग्रॅम झाला, लाईट टिकून. मशीनच्या सॉफ्टनरमधलं (जड पाणी मऊ करणारा भाग) मीठ संपलेलंच होतं, तेही भरलं. त्या इलेक्ट्रिशियनला नको म्हणून कळवलं. वायरमनकाका, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबायला लावलं, तोही नीट पडतोय.