फांदीवरचा बर्फ आणि आपला कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

परवा रात्रभर बर्फ पडला. सकाळी पडदा सारला तर खिडकीसमोरचं निष्पर्ण झाड कोणीतरी खडूने पुन्हा गिरवल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक काडीवर वरून पांढरी रेघ, खालून काळी. बूट शोधले, हातमोजा एकच सापडला, बॅटरी चार्जरवर. खाली पोचेपर्यंत ऊन चढलं, वाऱ्याची एक झुळूक आली आणि डोळ्यांदेखत अर्धं झाड रिकामं झालं. उरलेल्या अर्ध्याचे छत्तीस फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघते तर सगळा बर्फ सिमेंटच्या रंगाचा!

तर मंडळी, बर्फाने लगडलेल्या फांद्या टिपताना तुमचं काय काय झालं ते लिहा. 'असं करावं'पेक्षा 'माझं असं झालं' वाचायला जास्त आवडेल. फसलेल्या फोटोंचं तर खास स्वागत.

* * *

सिमेंट वाचून हसू आलं. माझा पहिला अख्खा हिवाळा राखाडी गेला आहे, आणि मी दोष लेन्सला देत होतो.

दोष कोणाचाच नसतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के परत पाठवतो. कॅमेरा बिचकतो, 'बाप रे, केवढा उजेड' म्हणत फोटो काळवंडून टाकतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, आपण मुद्दाम वाढवायचं, १ ते २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एवढं सगळीकडे छापलेलं असतं.

पण फांद्यांच्या बाबतीत गोम वेगळी आहे, आणि ती मला तिसऱ्या हिवाळ्यात कळली. मोकळ्या बर्फाळ माळाला +२, म्हणजे दोन स्टॉप जास्त, चालतं, तेच फांदीला लावलं की वरची पांढरी रेघ जळून जाते, कारण चौकटीत काळी सालही भरपूर असते. ती कॅमेऱ्याला उलट दिशेने फसवते. एकच जाड खोड आणि त्यावर बर्फाची कड असेल तर मी +२/३ वर थांबतो. बारीक फांद्यांचं जाळं आणि मागे पांढरं ढगाळ आकाश असेल तर +१ १/३ किंवा थोडं जास्त. मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, बघतो. त्याचा डोंगर उजव्या, म्हणजे उजेडाच्या भिंतीजवळ न्यायचा, पण भिंतीवर आपटू द्यायचा नाही. आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढतो. काळवंडलेला बर्फ नंतर उजळता येतो, जळालेला परत आणता येत नाही.

* * *

माझ्याकडे फक्त फोन आहे, त्यामुळे थोडक्यात. पडद्यावर बर्फावर बोट टेकवायचं, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवायचं. झालं.

अडचण वेगळीच आहे. ४० टक्के बॅटरी दाखवणारा फोन थंडीत एकाएकी मान टाकतो. आयफोन वापरण्यासाठी अ‍ॅपलने दिलेली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, हे मला तीनदा फजिती झाल्यावर समजलं. लिथियम बॅटरीतल्या रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावतात. चार्ज कुठे जात नाही, अडून बसतो. आता फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. काढायचा, दोन फोटो, परत आत. जाड हातमोज्याला टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून एकदा नाकाने बटण दाबलं. त्या फोटोत फांद्या कमी आणि वाफ जास्त आहे. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो हे नंतर कोणीतरी सांगितलं!

* * *

मी बाहेर काही बिघडवलं नाही, घरात येऊन बिघडवलं. दोन तास गारठ्यात हिंडून आलो आणि कॅमेरा थेट हीटरशेजारच्या टेबलावर ठेवला. पाच मिनिटांत लेन्सवर धुकं. पुसलं. परत आलं. मग लक्षात आलं की धुकं आतल्या काचेवरही आहे. गार काचेवर घरातल्या हवेतली वाफ बसणारच, आंघोळीनंतर आरसा धुरकटतो तसंच. ते निघायला दोन दिवस गेले आणि पुढे महिनाभर बुरशीच्या धास्तीने मी रोज लेन्स उजेडात धरून बघत होतो.

आता बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करतो, तसाच घरात आणतो. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची घाई अनावर असते, म्हणून कार्ड आधीच काढून खिशात टाकतो. ही एवढीच अक्कल, पण महागात पडलेली.

* * *

थोडा किस पाडतो, माफ करा. इथे बरेच जण फांदीवरच्या प्रत्येक पांढऱ्या गोष्टीला बर्फ म्हणत आहेत. त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा फोटो वेगळा येतो.

पहिला, आभाळातून पडलेला. तो फांदीच्या वरच बसतो, म्हणून धागाकर्त्या ताईंना दिसली तशी काळी-पांढरी जोडरेघ. तापमान शून्याच्या आसपास असेल तर तो जरा ओलसर असतो, काडीकाडीला चिकटून राहतो. कडक थंडीतला कोरडा भुसा फुंकरीनेही उडतो.

दुसरा म्हणजे निरभ्र, निवांत रात्री जमणारे स्फटिक. त्याला आपण सर्रास 'गोठलेलं दव' म्हणतो, पण तिथे आधी दव पडत नाही. हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन बसते. यात फांदी चहूबाजूंनी केसाळ दिसते. इथे सूर्य समोरून यायला हवा आणि लेन्स मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, हवी. ऊन लागल्यावर खेळ खलास.

तिसरा मला सगळ्यात प्रिय. शून्याखाली जाऊनही न गोठलेले धुक्याचे थेंब फांदीला आपटले की तिथेच गोठतात. हा थर वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून वाढतो. जपानमधल्या झाओ पर्वतावर फर नावाची सूचिपर्णी झाडं यात अख्खी गडप होतात आणि माणसांसारखे आकार उभे राहतात. त्यांना तिकडे जुह्यो म्हणतात. मी तिथे गेलेलो नाही, पण वाऱ्याकडे पाठ करून काढलेल्या माझ्या एका साध्या फांदीवर दोन बोटं लांबीची पिसं होती. दुसऱ्या बाजूने तीच फांदी अगदी बोडकी दिसत होती! तेव्हापासून कुठलंही झाड टिपण्याआधी मी त्याला एक प्रदक्षिणा घालतो.

* * *

प्रदक्षिणा घाला, पण लांबून! मी अशीच फिरून चांगली जागा निवडली आणि मग बघते तर समोरच्या कोऱ्या बर्फात माझेच बूट. आता आधी उभं राहून ठरवते, मग पाऊल टाकते.

मला मिळालेला सगळ्यात चांगला फोटो माझ्या हुशारीचा नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची खाली झुकलेली एक फांदी, काठोकाठ भरलेली. अर्धा तास ट्रायपॉड मांडून मी पानं मोजल्यासारखी चौकट जुळवत होते. फोकस सारखा पडत्या कणांकडे पळत होता म्हणून शेवटी हाताने लावला. 'अहो, याला जरा धरा' म्हणेपर्यंत आमच्या चिरंजीवांनी खालून फांदी ओढली. सगळा बर्फ त्याच्या टोपीवर. मी दचकून बटण दाबलं. शटर १/५०० सेकंदावर होतं, त्यामुळे कण न् कण हवेत लटकलेला आणि मध्ये उसळून मोकळी झालेली हिरवी फांदी. तोच बर्फ १/३०ला टिपला असता तर नुसत्या रेघा आल्या असत्या. त्याही वाईट नसतात, पण हा फोटो वेगळाच.

जुळवलेल्या चौकटीचे आधीचे वीस फोटो? निर्जीव. एकही ठेवला नाही.

* * *

माझी तक्रार आहे. निळा बर्फ 'दुरुस्त' करू नका. सावलीतल्या बर्फावर सूर्य पोचत नाही, त्याला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा. मग तो निळाच असणार. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ओढून ओढून पांढराशुभ्र केलेले फोटो मला साबणाच्या जाहिरातीसारखे वाटतात. आणि पडत्या बर्फात फ्लॅश मारून आलेले ते पांढरे गोळे, ते तर नकोच.

* * *

वरच्या तक्रारीला अर्धी सहमती. एक आठवण देतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, आणि पुढे जन्मभरात ५०००हून अधिक. कण काळ्या फळीवर झेलायचा आणि वितळायच्या आत टिपायचा. पण त्या फोटोंमधली काळीभोर पार्श्वभूमी निसर्गाची नव्हे. निगेटिव्हच्या प्रतीवरचा कणाभोवतीचा थर तो हाताने खरवडून काढायचा. म्हणून मी फांदीमागची विजेची तार पुसतो तेव्हा मला फारशी लाज वाटत नाही.

* * *

फोटोचं सोडा, मान वर करून बघा. ओला बर्फ कोरड्याच्या कित्येक पट जड असतो. माझ्यापासून चार हातांवर मनगटाएवढी फांदी कडाडून खाली आली. तेव्हापासून लांबची लेन्स वापरतो.

* * *

धागाकर्ती परत हजर. काल पुन्हा पडला. बॅटरी रात्रभर उशाशी, पहाटे उजाडायच्या आत खाली. +१, ढगाळ आकाश, वारा अजिबात नाही. झाडाभोवती लांबून फिरले. दहा-बारा फोटो काढले, त्यातले दोन बरे आहेत. एकात बर्फ खरंच पांढरा आहे आणि त्याच्या पोटात थोडी निळी सावली आहे, ती तशीच ठेवली. फक्त ट्रायपॉडचे पाय मिटत नाहीयेत. सांध्यात बर्फ गेलाय बहुतेक. गरम पाणी ओतू का?

* * *

नको नको! जोर लावून मिटवूही नका. उघडा आहे तसाच घरात आणून उभा करा, वितळला की फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच मिटवा.