अर्लांग छोटीच राहील, बीम मात्र टिकेल

कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेट) सांभाळणारी कुबरनेटिस ही प्रणाली आल्यावर अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेची गरजच उरली नाही, असं एक मत आहे. मला ते अजिबात पटत नाही. अर्लांग बीम या व्हर्च्युअल मशीनवर चालते. कुबरनेटिस पडलेला अख्खा कंटेनर परत उभा करतं. अर्लांगमध्ये एका ग्राहकाचा कॉल सांभाळणारी एकच प्रोसेस (स्वतंत्र चालणारं हलकं काम) मरते, सुपरवायझर (तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस) ती लगेच नव्याने सुरू करतो आणि शेजारच्या लाखभर प्रोसेसना त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येकीची मेमरी वेगळी, सुरुवातीला जेमतेम अडीच किलोबाइट. गार्बेज कलेक्शनही (नको असलेली मेमरी मोकळी करणं) जिचं तिचं. एखादी प्रोसेस लांबलीच, तर साधारण ४००० रिडक्शन (कामाची छोटी एककं, ढोबळमानाने फंक्शन कॉल) झाल्यावर शेड्युलर (प्रोसेसना पाळी देणारा भाग) तिला बाजूला करून दुसरीला संधी देतो. एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत जो (Joe) आर्मस्ट्राँग आणि मंडळींनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी रचलेल्या याच पायावर व्हॉट्सअॅपने २०१२ मध्ये एका सर्व्हरवर २० लाख कनेक्शन पेलली.

अडचण आहे ती वेगळीच. मूळ रचनेत क्लस्टरमधला (एकत्र जोडलेल्या गटातला) प्रत्येक नोड (चालू असलेली एक अर्लांग प्रणाली) दुसऱ्या प्रत्येकाला जोडलेला असतो. १०० नोड म्हणजे ४९५० जोडण्या! तिथे दम लागतो, आणि यावर अजून बरंच काम व्हायला हवं. शिवाय अर्लांगमध्ये स्टॅटिक टाइप्स (प्रोग्राम चालण्याआधीच डेटाचे प्रकार तपासण्याची सोय) नाहीत, म्हणून नवी मुलं गो किंवा रस्ट या भाषांकडे वळतात. ती उणीव आता भरून निघतेय: स्टॅटिक टाइप्स असलेल्या ग्लीम या भाषेची १.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, एलिक्सर या भाषेतही टाइप तपासणी टप्प्याटप्प्याने येतेय. दोन्ही बीमवरच चालतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी एलिक्सरपासून सुरुवात करायला सांगेन, पण ओटीपी (सुपरवायझरसारख्या गोष्टी देणारा अर्लांगचा लायब्ररी-संच) मात्र मुळापासून शिका.