सेनेटच्या सावलीतला हॅल रोच
मूकपटातला विनोद म्हणजे अमेरिकन निर्माता मॅक सेनेट आणि त्याच्या चित्रपटांतली पळापळ, असं बरेच जण मानतात. सेनेटचा मान आहेच, पण त्याच काळातला दुसरा विनोदी चित्रपटांचा निर्माता हॅल रोच, त्याला विसरून कसं चालेल?

1892 चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा गाव. चित्रपटात किरकोळ कामं करताना पुढे विनोदी नट म्हणून गाजलेल्या हॅरल्ड लॉइडशी ओळख झाली आणि 1915 च्या सुमारास हाती थोडा पैसा येताच रोच गड्याने थेट चित्रपट कंपनीच काढली! 'सेफ्टी लास्ट' (1923) मधला घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा लॉइड सगळ्यांना आठवतो. त्या चित्रपटाचा निर्माता रोच आणि कथेच्या श्रेयातही त्याचं नाव आहे.

सेनेटकडे आधी धावाधाव, मग कारण. रोचकडे आधी माणूस दिसतो, मग त्याची फजिती हळूहळू वाढत जाते. लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी याच पद्धतीत फुलली. अर्थात त्यात दिग्दर्शक लिओ मॅकॅरीचा वाटा मोठा, आणि मूकपटात संवादांच्या जागी पडद्यावर येणाऱ्या खुसखुशीत पाट्या लिहिणाऱ्या एच. एम. वॉकरचाही. (पाट्या लिहिणाऱ्यांची आठवण कुणी काढत नाही, ते जाऊ दे.)

बोलपट आल्यावर सेनेटची कारकीर्द काही वर्षांतच संपली. रोच मात्र टिकला. 1932 मध्ये त्याच्या 'द म्युझिक बॉक्स' या लॉरेल-हार्डीच्या लघुपटाला ऑस्करही मिळालं.

सुरुवात करायची तर 'बिग बिझनेस' (1929) बघा. ख्रिसमसची झाडं विकायला गेलेले लॉरेल-हार्डी आणि एक चिडका गिऱ्हाईक. घराची आणि मोटारीची शांतपणे, आळीपाळीने मोडतोड!