रोटॅक्स ९१२ यूएलएस: लाकडी प्रोपेलर (प्रॉप) घ्यावा की तीन पात्यांचा कार्बन? शेड देवगडच्या सड्यावर

कातळसडा:
घरी बांधत असलेलं दोन आसनी विमान आहे. पंख वर, चाक पुढे. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्ती, गिअरबॉक्सचं प्रमाण २.४३, म्हणजे इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना प्रॉपची एक. क्रूझचा वेग ताशी १८० किमी धरला आहे. शेड देवगडजवळ सड्यावर (कातळाच्या पठारावर), समुद्र दीड किलोमीटरवर. धावपट्टी जांभ्यावर मुरूम दाबून केलेली.

दोन प्रॉप डोळ्यांसमोर आहेत, दोन्ही ६८ इंची. एक दोन पात्यांचा लाकडी, पिच (पात्याचा तिरका कोन) कायमचा. दुसरा तीन पात्यांचा कार्बन, पिच जमिनीवर बदलता येणारा. कुठला घ्यावा? पिच किती अंशांपासून सुरू करावा? बसवण्याचा क्रम काय? काम जुलैमध्ये करायचं आहे.

गिअरबॉक्स२४३:
पहिला प्रॉप पिच बदलता येणाराच घ्या. घरी बांधलेल्या विमानाचा खरा ड्रॅग (हवेचा अडथळा) पहिली दहा-वीस उड्डाणं होईपर्यंत कळत नाही. लाकडीचा पिच चुकला तर तो पुन्हा तासून घ्यावा लागतो, नाहीतर नवा आणावा लागतो. कार्बनचा पिच तासाभरात बदलतो.

६८ इंच बरोबर आहे. इंजिनाच्या ५८०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) प्रॉप २३८७ ने फिरतो, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २१६ मीटर. ध्वनीच्या वेगाच्या हा ६२ टक्के, काळजी नाही. खालची मोकळी जागा मात्र मोजा. पुढे चाक असलेल्या लहान विमानाला अमेरिकन नियमात २०१७ पर्यंत ७ इंच सांगितलेले होते, तेही विमान पूर्ण वजनाने चाकांवर बसलेलं असताना. मुरमावर मी १० इंचांखाली जाणार नाही. विक्रेत्याकडून प्रॉपचा जडत्व आघूर्णही (फिरण्यातलं जडत्व) लेखी घ्या. या गिअरबॉक्सची मर्यादा ६००० किलो-चौरस सेंटीमीटर आहे.

आता पिच. ५००० आरपीएमला प्रॉप सेकंदाला ३४.३ फेऱ्या घेतो. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर, म्हणून एका फेरीत विमान १.४६ मीटर पुढे सरकतं. पाऊण त्रिज्येवर पात्याचं वर्तुळ ४.०७ मीटरचं. या दोन आकड्यांतून कोन येतो १९.७ अंश. त्यात पात्याच्या हल्ल्याच्या कोनाचे (पातं समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भिडतं तो) दोन-तीन अंश मिळवले की सुरुवात २२ च्या आसपास. पण हा कोन पाऊण त्रिज्येवरचा आहे. काही कंपन्या टोकाजवळ मोजतात, काही ठरावीक खुणेवर. दुसऱ्याच्या विमानावरचा आकडा तसाच उचललात तर दोन-तीन अंशांनी सहज चुकाल.

मग विमान जमिनीला दोरांनी बांधून, फुल थ्रॉटलला आरपीएम पाहा. जमिनीवर ५२०० ते ५३०० मिळाले पाहिजेत. त्याच्या खाली राहिलं तर इंजिन कमी फेऱ्यांवर जादा भार ओढतं, सिलिंडरमध्ये ठोके बसतात आणि गिअरबॉक्सही मार खातो. हवेत सरळ उडताना फुल थ्रॉटलला ५५०० ते ५६०० यावेत. सतत चालवायची मर्यादा ५५००, आणि ५८०० फक्त पाच मिनिटं. एक अंश पिच कमी केला की ढोबळमानाने २०० ते ३०० आरपीएम वाढतात.

ही चाचणी पहाटे करा. दुपारी सड्यावर खारा वारा सुटला आणि तो समोरून प्रॉपमध्ये शिरला की आरपीएम वाढून दिसतात, आणि तुम्ही पिच उगाच वाढवून बसता.

टॉर्कपाना:
निवडीबद्दल वरच्यांशी सहमत, पण लाकडी प्रॉप पुढेमागे लावणार असाल तर जुलै हा बसवण्याचा महिना नव्हे.

लाकडी प्रॉप इंजिनाची ताकद बोल्टच्या दांड्यांवर घेत नाही. फ्लँज (गिअरबॉक्सकडची धातूची चकती) आणि हब (प्रॉपचा मधला भाग) एकमेकांवर दाबलेले असतात, त्या घर्षणावर घेतो. कोकणात जुलैमध्ये लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगलेलं असतं. तेव्हा पुस्तकातला टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) दिला की पुढे संक्रांतीपर्यंत लाकूड सुकतं, आकसतं आणि दाब निघून जातो. मग हब फ्लँजवर केसभर सरकायला लागतो. उतरवून पाहिलं तर फ्लँजखालचं लाकूड काळं, करपलेलं दिसतं. त्यानंतर भार बोल्टवर जातो आणि ते तुटतात. उलटा प्रकारही घडतो: उन्हाळ्यात घट्ट केलेला हब पावसात फुगतो आणि समोरच्या धातूच्या चकतीखाली लाकडाचे तंतू चिरडतात. ते पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, मग १० तासांनी, २५ तासांनी, आणि पाऊस लागण्याआधी व ओसरल्यावर टॉर्क तपासायचाच. लॉक वायर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांतून ओवलेली तार) कापून प्रत्येक बोल्ट आधी थोडा सैल करा, मग आकड्यापर्यंत आणा. नुसता पाना लावून पाहिलं तर अडकलेला बोल्ट घट्ट असल्याचा भास होतो.

कार्बनचा क्रम असा. इग्निशन बंद करून वरचे चारही प्लग काढा. रोटॅक्सचं इग्निशन एक वायर इंजिनाच्या धातूला (अर्थला) जोडून बंद होतं. ती वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन जिवंत असतं. प्रॉप उलटा फिरवू नका, तेलाच्या वाटेत हवा शिरते. फ्लँजवर ७५, ८० आणि १०१.६ मिमी अशी बोल्टची तीन वर्तुळं असतात. हबला जे जुळेल तेच वापरायचं, नवी भोकं पाडायची नाहीत. दोन्ही पृष्ठभाग कोरडे हवेत, रंग नको, ग्रीस नको.

हब हाताने बसवा. एकेक पातं आडवं आणून, अँगल गेज फ्लँजवर शून्य करून पिच लावा. तिन्ही पात्यांत ०.२ अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर कंप येतो आणि तो वजनाच्या तोलाने कधीच जात नाही. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. आकडा प्रॉपच्या पुस्तकातलाच घ्या. मग स्टुलावर पेन्सिल घट्ट बांधून तिचं टोक एका पात्याच्या टोकाला टेकवा आणि प्रॉप फिरवा. पाती दीड मिलिमीटरहून पुढेमागे दिसली तर उतरवा. बहुतेक वेळा फ्लँजवर कचरा किंवा खरवड सापडते. सगळं जुळल्यावरच लॉक वायर.

कातळसडा:
धन्यवाद, कार्बनच घेतो. खाऱ्या हवेसाठी मालवणला जेटीजवळच्या दुकानात मिळणारे स्टेनलेसचे बोल्ट चालतील का? ते गंजत नाहीत.

टॉर्कपाना:
नाही. ते साधारण ए२-७० प्रतीचे, तुटेपर्यंत सोसायचा ताण ७०० मेगापास्कल. विमानाचा एएन (अमेरिकन विमान-मानकाचा) बोल्ट १,२५,००० पीएसआयचा, म्हणजे ८६० च्या पुढे. प्रॉपसोबत आलेले कॅडमियम मुलामा दिलेलेच वापरा. मुलामा उडाला की बोल्ट बदला. आणि गंजाच्या भीतीने आट्यांना ग्रीस लावू नका: आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर ग्रीसवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आत नायलॉनची कडी असलेले नट एकदाच वापरायचे.

गिअरबॉक्स२४३:
मुरमाचं राहिलं. पात्याच्या पुढच्या धारेला पॉलियुरेथेन टेप लावा, तिन्ही पात्यांवर एकाच लांबीची आणि तोलून. उभ्या विमानावर थ्रॉटल वाढवला की जांभ्याचे खडे उचलून थेट पात्यावर येतात, म्हणून सुटतानाच हळूहळू वाढवा. फुल थ्रॉटलची चाचणी सिमेंटच्या कोब्यावर, आधी झाडून. प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याचं फडकं फिरवून मीठ पुसा आणि नख धारेवरून फिरवा. नख अडकलं की पुढचं उड्डाण नाही, आधी ती खाच भरायची.