सुनीताबाईंनी पु.लं.ना ‘दावणीला बांधलं’ म्हणणाऱ्यांना

टिळकवाडीची लेक
काल १२ जून. पु.लं.चा स्मृतिदिन, म्हणून सकाळपासून फोनवर तेच. त्याबद्दल काही नाही. पण ‘कॅम्पातला म्हातारा’ यांनी इथे, आपल्या बेळगावच्या ग्रुपवर, जे टाकलं ते वाचून माझा चहा गार झाला. त्यांचं म्हणणं असं: पु.ल. देवमाणूस, बायकोनं मात्र त्यांना दावणीला बांधलं, ते गेल्यावर पुस्तक काढून त्यांचीच उणीदुणी चव्हाट्यावर मांडली, आणि बाईंचं नाव झालं ते नवऱ्याच्या जिवावर.

काका, आधी सालं बघा. सुनीताबाईंचं ते पुस्तक, ‘आहे मनोहर तरी’, आलं १९९० मध्ये, पु.ल. गेले २००० मध्ये. म्हणजे ज्याची उणीदुणी काढली म्हणता तो माणूस पुढं दहा वर्षं त्याच घरात, त्याच बाईबरोबर राहिला. गेलेल्या माणसावर कोणीही लिहील. शेजारच्या खोलीत बसलेल्यावर लिहून दाखवा.

आणि १२ जून म्हणजे त्यांच्या लग्नाचाही दिवस. १९४६, रत्नागिरी, नोंदणी पद्धतीनं. आठ आण्यांच्या फॉर्मवर काम झालं. त्याआधी या सुनीता ठाकूर बेचाळीसच्या चळवळीत होत्या, मग मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवत होत्या. पु.ल. भेटले ते तिथं. १९४८ च्या ‘वंदे मातरम्’ सिनेमात दोघांनी काम केलं, पुढं ‘सुंदर मी होणार’ रंगभूमीवर केलं. बोरकर आणि मर्ढेकरांच्या कवितांचे कार्यक्रम दोघांचे. हे सगळं सोडून आपल्याला आठवतं काय, तर बाई हिशेब फार कडक ठेवायच्या.

कॅम्पातला म्हातारा
सालाचं चुकलं. कबूल. खरं मुद्दा बदलत नाही. माझ्या वडिलांना बेळगावच्या आरपीडी कॉलेजात पु.लं.नी मराठी शिकवलंय. वर्गात माणूस कसा खुलायचा ते आम्ही घरात ऐकत वाढलो. असल्या माणसाला घरात वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, कोणाला भेटायचं त्याची परवानगी! बेळगावात ते मोकळे होते, पुण्यात बंदिस्त झाले. पुरावा पाहिजे तर पु.लं.च्या ‘गणगोत’मधलं बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र वाचा. तशी माणसं त्यांना फक्त इथं मिळाली.

टिळकवाडीची लेक
काका, बेळगावात होते तेव्हाही त्यांचं लग्न झालेलंच होतं हो. त्या काय रत्नागिरीत राहिल्या होत्या?

निपाणीकर
रावसाहेबांचं नाव निघालं ते बरं झालं. माझं वेगळंच दुखणं आहे. त्या एका लेखानं आपल्या बोलीचं कायमचं वाटोळं केलं. आता बेळगावचा माणूस तोंड उघडतो तेव्हा पुढचा आधीच हसायला तयार असतो. माझी मुलगी पुण्यात शिकते. ती ‘येणार होते, खरं पाऊस होता’ म्हणाली तर खोलीतल्या पोरी विचारतात, ‘खरं? मग खोटं काय?’ आपल्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे कोण सांगणार त्यांना?

खडेबाजारचा बंड्या
मुलीला सांगा, त्यांना विचार, ‘काय करूलास गा?’ पुण्यात अर्धा तास शांतता.

शहापूरकर
निपाणीकर, उलटं आहे. रावसाहेबांच्या आधी पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत आपल्याला जागाच कुठं होती? इकडं कर्नाटक सरकारनं २०१४ मध्ये पाटीवर बेळगावी केलं, तिकडं ते आपल्याला कन्नड समजतात. एका लेखात तरी आपण शिव्या मराठीत देतो, हे नोंदलं गेलं. आणि रावसाहेब म्हणजे कृष्णराव हरिहर, खराखुरा माणूस होता. पु.लं.नी थट्टा केली नाही, जीव लावला.

निपाणीकर
जीव लावला, मान्य. हसणारे जीव लावत नाहीत ना!

कॅम्पातला म्हातारा
हसतात ते पुण्याचे. पु.लं.चा काय दोष? आणि तुमचं निपाणीचं ‘खरं’ आणि आमचं ‘खरं’ एक नाही, हे आधी समजून घ्या.

निपाणीकर
झालं! आता आमच्यात पण फरक काढा. सीमाभागाची एकी ती हीच.

(मधले पंधरा-वीस प्रतिसाद ‘खरं’ कुठल्या गल्लीत कसं म्हणतात यावर गेले. बेळगावची मिठाई कुंदा, ती पण निघाली त्यात. मी सोडून देते. — टिळकवाडीची लेक)

गणपती मंडळ, जुना कार्यकर्ता
मूळ विषयावर येतो. पु.लं.च्या लेखनाच्या हक्कांबाबत सुनीताबाई फार करड्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. परवानगी, मानधन, सगळं रीतसर. आम्ही गल्लीतल्या पोरांनी म्हणून परवानगी मागितलीच नाही. पु.लं.च्या नाटकातल्या पात्रांची नावं बदलली आणि प्रवेश ठोकून दिला. कोणाला पत्ता लागला नाही. गणपतीत दोन घटका हसलं तर कोणाचं काय जातं?

टिळकवाडीची लेक
चोरी केली आणि वर करडेपणाची तक्रार. छान. मानधनाचा पैसा काय त्यांनी साड्यांत घातला? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं ते पु.ल.-सुनीताबाईंच्या लाखाच्या देणगीतून. पुण्याच्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांनी हातानं प्रयोग करावेत म्हणून दालन झालं, त्यालाही त्यांचाच पैसा. वहीत पै न् पै लिहिणारी बाई घरात होती म्हणून एवढं देता आलं.

शहापूरकर
मला एक सांगायचं आहे, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. आमचे वडील हौशी नाटकात विनोदी कामं करायचे. खानापूरपर्यंत बोलावणी. एंट्रीलाच टाळी. आई कधी बघायला गेली नाही, कारण त्या रात्री ती ब्लाउज शिवत बसायची. वडील गेले तेव्हा दारात दोनशे माणसं जमली आणि प्रत्येक जण आईला म्हणाला, ‘काय हसवायचे हो!’ तेराव्यानंतर एक गृहस्थ आले. म्हणे, वहिनी, नानांच्या आठवणी लिहून द्या, मजेशीर तेवढ्याच. आई म्हणाली, ‘मजेशीर तुम्हाला ठाऊक आहेत, तुम्हीच लिहा.’ आणि मशीनवर बसली. ‘आहे मनोहर तरी’ मी तिला वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं. काही बोलली नाही. फक्त मधे एकदा म्हणाली, ‘परत वाच ते.’

कॅम्पातला म्हातारा
हं. यावर काय बोलणार माणूस? तरी पण सुनीताबाईंना कोणी शिवणकाम करायला लावलं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

टिळकवाडीची लेक
काका, तुम्ही बेळगावचे म्हणून शेवटचं. ‘प्रिय जी.ए.’ वाचलंय? जी.ए. कुलकर्णी आपल्याच गावात वाढले, धारवाडला इंग्रजी शिकवायचे, माणसांपासून लांब राहायचे. त्यांना सुनीताबाईंनी लिहिलेली पत्रं आहेत ती. त्यात पु.लं.ची बायको फार थोडी भेटते. कविता, पुस्तकं, एकटेपण, त्यातून एका अवघड माणसाशी बरोबरीनं बोलणारी बाई आहे. जी.ए. नवऱ्याच्या नावाकडं बघून उत्तर देणाऱ्यातले होते काय? आणि ‘सोयरे सकळ’मधली व्यक्तिचित्रं वाचा, तिथं हसवायची घाई नाही.

कॅम्पातला म्हातारा
जी.एं.ना उत्तर द्यायला लावलं म्हणजे बाईत काहीतरी असणार. एवढंच म्हणतो. जास्त नाही. वाचनालयात मिळेल काय ते? मी जी.एं.साठी वाचणार आहे, बाईंसाठी नाही.

टिळकवाडीची लेक
माझी प्रत आहे. रविवारी सकाळी आरपीडी क्रॉसला या. वहीत नाव आणि तारीख लिहून घेणार मी, आधीच सांगते.

कॅम्पातला म्हातारा
आली का सुनीताबाई!

निपाणीकर
ते सगळं ठीक. खरं माझ्या ‘खरं’चं काय ठरलं?